लेथखालची फळी

पलंगावरून उतरलो
आणि फरशीनं टाचेत खिळा ठोकला.
रोजचाच. पहाटे साडेपाचचा.
मोरीपर्यंत सात पावलं.
भिंत, कपाट, शिवणयंत्र, दाराची चौकट
धरत धरत जातो मी.
पोरगी म्हणते, बाबा, तुमची गाडी चोकवर स्टार्ट हुतीय.

आणि खरंच, दहा मिनिटांनी इंजिन तापतं,
दुखणं मागं सरतं,
उद्यमनगरच्या शेडात मी बारा तास
काँक्रीटवर उभा.
दुपारी डबा खाऊन उठलो
की पुन्हा तोच खिळा, त्याच भोकात.

सल्ल्यांना तोटा नव्हता.
शालननं वीट तापवली, वर रुईचं पान ठेवलं,
टाच भाजून निघाली, बरं वाटलं, रात्रीपुरतं.
जिनपाल म्हणाला, काटा वाढलाय, कापायलाच लागतंय.
कुणी म्हणालं चाल, चालशील तेवढं मोकळं हुईल,
म्हणून रंकाळ्याला दोन दिवस फेऱ्या मारल्या
आणि तिसऱ्या दिवशी
टॉवरपाशी रिक्षा केली.

एक्स-रेत काटा दिसलाच.
बागवान मॅडम म्हणाल्या, असू दे त्याला,
न दुखणाऱ्या टाचांतही असतो.
मग माझ्याच तळव्यावर अंगठा ओढत दाखवलं,
टाचेपासून बोटांपर्यंत एक पट्टा आहे,
पावलाची कमान खालून तोलून धरणारा.
रात्रभर आखडून पडतो.
सकाळी तुम्ही सगळं वजन एकदम टाकता
आणि टाचेला जिथं तो चिकटलाय
तिथं उसवतो.
थोडासाच. रोज थोडासा.

हे मला कळलं.
थंड बेल्टवर एकदम लोड देऊ नको,
असं बत्तीस वर्षं मीच सांगतोय नव्या पोरांना,
वर एक शिवी लावून.

तर आता उठण्याआधी
पंचा पावलात अडकवून बोटं माझ्याकडं ओढतो,
तीस आकडे मोजेपर्यंत.
भिंतीला हात टेकून पोटरी ताणतो,
जणू घर ढकलतोय शेजाऱ्याच्या अंगणात.
रात्री टीव्हीपुढं बसून
बर्फ झालेली बाटली पावलाखाली लाटतो.
शालन म्हणते, एवढं लाटताय तर चार चपात्या लाटा.
करकरती कोल्हापुरी खुंटीवर गेली,
पायात निळे, स्पंजचे, मुके सँडल.
गल्लीत विचारतात,
काय पाव्हणं, पुण्यासनं आलासा व्हय?

बरं व्हायला किती दिवस?
महिने म्हणाल्या मॅडम. किती महिने ते नाही.
मी सुता-सुतानं मोजणारा माणूस,
मला आकडा लागतो.

एक गोष्ट मात्र त्यांनी सांगितली नव्हती,
ती मला शेडात सापडली.
भूपाल मिस्त्रींच्या लेथपुढं, पायाखाली,
बाभळीची फळी असायची,
तेल पिऊन काळी झालेली,
दोन पावलांच्या जागी दोन खळगे.
कशाला, ते विचारायची सोय नव्हती,
मिस्त्री मशीनशीच बोलायचे.
ते गेल्यावर नवं काँक्रीट झालं, गुळगुळीत,
आणि मीच म्हणालो,
ते लाकूड काढा रे, घाण दिसतंय.

कोपऱ्यावरच्या चहावाल्याच्या बाकड्याला
ठोकलेली होती ती.
नवी फळी देऊन सोडवून आणली.
तौफिकनं खालून जुन्या टायरचं रबर मारलं,
काय बोलला नाही, नुसता हसला.
उभा राहिलो.
माझी पावलं त्या खळग्यांत बसेनात,
मिस्त्री माझ्यापेक्षा फेंगडे उभे राहायचे.
पण लाकूड जरासं दबलं,
काँक्रीट कधीच दबलं नव्हतं.

आज सकाळी मोरीपर्यंत सात पावलं.
भिंत धरली. कपाट धरलं.
शिवणयंत्र
धरायचं राहून गेलं.